मशीनमधली राख

मुलीनं बंगळूरहून भांडी धुवायचं मशीन पाठवलं, तेव्हा धाराशिवला आमच्या गल्लीत ते कुणाकडंच नव्हतं. माझं मनगट दुखतं, म्हणून पाठवलं. वर्षभर भांडी लख्ख निघाली. मग ताटांवर करडा थर राहू लागला, वाट्या हाताला खरखरीत लागू लागल्या.

मुलीला कळवलं. तोवर तिचा फोन म्हणजे जेवलीस का, बीपीची गोळी घेतलीस का, ठेवते. नोकरी, नवरा, तिकडचा संसार; तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं. पण मशीन बिघडलं आणि ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करू लागली.

"आई, फोन आत धर. अगं, आत! मला तुझं नाक दिसतंय."

"नाकही बघावं कधीतरी."

तळाची जाळी काढून घासली. बोअरच्या पाण्यात क्षार फार, म्हणून मशीनचं मीठ भरलं. रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवलं. ते थांबेपर्यंत आम्ही बोलत बसायचो. ऑफिसात तिचं कुणाशी वाजलं, जावयांना भाकरी का जमत नाही, हे सगळं मला त्या बिघाडामुळं कळलं. भांडी करडीच निघायची. मला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं.

एका दुपारी बाजारातून लवकर आले, तर सासूबाई मागच्या मोरीवर पातेली राखेनं घासत होत्या. गीझर बंद पडल्यापासून अंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर तापत होतं, त्यामुळं राख आयतीच होती. बघता बघता त्यांनी राखेनं माखलेलं पातेलं नेऊन मशीनमध्ये ठेवलं.

"हे काय करताय तुम्ही?"

"खरकटं तसंच घालायचं व्हय त्यात? लेकरानं एवढ्या मायेनं पाठवलंय."

"अहो, मग मशीननं काय करायचं?"

"धुवायचं. घासायला त्याला हात कुठं हायेत?"

मी आतलं फिरतं पातं काढलं. पाणी उडायच्या भोकांत राख घट्ट बसली होती. सुईनं सगळी भोकं मोकळी केली. पुढची ताटं चकचकीत निघाली.

संध्याकाळी मुलगी फोनवर तयारीनंच आली. "आज पाण्याची नळी बघू."

बघू द्यावी, असंही वाटलं. मग सांगून टाकलं. ती पोट धरून हसली.

"आजी, राख?"

"दात नको काढू," सासूबाई मागून म्हणाल्या. "राखेच्या भांड्यातलं खाऊनच मोठी झालीस."

"चला, सुटला प्रश्न. ठेवू मग, आई?"

एरवी मी 'ठेव' म्हणून मोकळी होते. या वेळी म्हटलं, "बिघाड नसला तरी फोन करत जा. सवय झालीय मला."

ती म्हणाली, "उद्या करते."

दुसऱ्या दिवशी फोन ओट्यावर समोरच ठेवला होता. भांडी लावून झाली, ओटा पुसून झाला. फोन आला नाही. कामं असतात, मला ठाऊक आहे. पण वाट बघणं काही थांबत नाही.

तिसऱ्या दिवशी मीच लावला. मागं माणसांचा गलका होता.

"काय बिघडलं परत?" तिनं घाईनं विचारलं.

"काही नाही. बोलावंसं वाटलं."

"थांब, बाहेर येते," ती म्हणाली. दार लोटल्याचा आवाज आला आणि गलका मागं पडला.