गारवा नेमका कोण करतं?

एसीत गॅस भरून झाला होता. ग्रिलमधून गार हवा येत होती. खांदेश्वरच्या त्या अरबी शिकवणीच्या वर्गातलं माझं काम संपलं होतं. फक्त हॅपी कोड राहिला होता.

हॅपी कोड म्हणजे कस्टमरच्या मोबाइलवर येणारा नंबर. समाधान झालं की तो आपल्याला सांगतो, तेव्हाच कम्प्लेंट बंद होते. माझ्या नावावर आधीच काही उघड्या होत्या. "आणखी एक राहिली तर यवतमाळची गाडी पकड," असं सुपरवायझर जाधव सरांनी बजावलं होतं. नववीत शाळा सोडून यवतमाळहून आलेल्या मला कामाला लावलं ते त्यांनीच. त्यामुळे त्यांची भीतीही जास्त.

"मौलाना साहेब, एसी नीट गार करतोय ना?"

"एसी?" महाडकडचे मौलाना हसले. "एसी काय गार करनार बेटा? गारवा अल्ला करतो. दर क्षणाला नवा. मशीन चालू असताना तो गारवा देतो, ही त्याची रीत. मशीनच्या अंगात काय नाय."

समोरचे हाफिजसाहेब, मूळचे यूपीचे, उसळले. "ताकत उसी ने मशीन में रखी है ना? रखी है, तो है!"

नंतर कळलं, ही दोन जुनी घराणी आहेत, इस्लामी विचारांची. मौलाना अश्अरी, हाफिजसाहेब मातुरीदी. दोघांच्या उस्तादांनी असल्याच प्रश्नांवरून एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. हे दोघं मात्र एकाच वर्गात शिकवतात, एकाच डब्यात जेवतात आणि भांडायला रोज वेळेवर येतात.

तेवढ्यात जाधव सरांचा फोन.

"कोड मिळाला?"

"सर, कस्टमर म्हणतात, मशीन काहीच करत नाही."

"पीसीबी गेला असेल." पीसीबी म्हणजे एसीचा मेंदू.

"पण दुसरे म्हणतात, करतं."

"कस्टमर किती आहेत रे तिथं? उतरव ते मशीन, आण वर्कशॉपला!"

मी एसी बंद केला आणि शिडीवर चढलो. मे महिना, वरचा मजला. पहिला स्क्रू निघेपर्यंत मौलानांची टोपी ओली झाली.

"अरे, काय करतोस?"

"मशीन काही करत नसेल तर घेऊन ये, म्हणाले सर."

हाफिजसाहेबांना आयतीच संधी मिळाली. "ले जाने दो, मौलाना! उस में तो कुछ है ही नहीं. ठंडक ऐसे ही आ जाएगी."

"येऊ शकते," मौलाना घाम पुसत म्हणाले. "त्यानं ठरवलं तर येईल. पन त्याची रीत मोडायची घाई आमाला कशाला? लाव बाबा, लाव."

"हाँ बेटा, लगा दो," हाफिजसाहेबांनी शिडी धरली. "इस पर हम दोनों एक हैं."

खोली पुन्हा गार झाली. मौलानांनी कोड सांगितला. माझ्या जिवात जीव आला.

मग मौलानांच्या मोबाइलवर शेवटचा प्रश्न आला: समाधान कशामुळे? मशीन, टेक्निशियन, इतर. 'टेक्निशियन' दाबलं तर मला इन्सेंटिव्ह मिळतो.

"टेक्निशियन दबाओ, बच्चे का भला होगा."

"भलं अल्ला करील. मी खोटं कसं दाबू?" मौलानांनी पाच स्टार दिले आणि 'इतर' दाबलं.

नोकरी राहिली, इन्सेंटिव्ह गेला. दुसऱ्या दिवशी जाधव सरांनी विचारलं, "हा इतर कोण? कुणाला घेऊन गेला होतास सोबत?"

घरापासून इतक्या लांब माझं काम टिकलं ते कुणामुळे, हे मलाही ठामपणे सांगता येत नाही. पण आता मी कस्टमरला एसीबद्दल काही विचारत नाही. एवढंच म्हणतो, "कोड आला का?"