बशीबशीने आलेले जेवण

जेवण ही क्रमाने घडणारी गोष्ट आहे, असे मी आजही मानते. आधी पाने मांडावीत, मग सगळ्यांना वाढून व्हावे, आणि शेवटच्या पानावर भात पडेपर्यंत कोणी घासाला हात लावू नये. वडिलांनी हा नियम कधी शब्दांत सांगितला नाही. ते थांबत, त्यांना पाहून आम्ही थांबू लागलो.

ऐंशीच्या दशकात, वाशीच्या एका शाळेत मी नुकतीच शिकवू लागले होते तेव्हा, मला एक स्थळ सांगून आले. मुलगा कंपनीत अधिकारी. चहापोह्यांचा कार्यक्रम त्याला गावंढळ वाटत असे, म्हणून त्याने वडिलांना आणि मला एका नव्या हॉटेलात बोलावले. त्याच्याबरोबर त्याची आई होती. माझा होकार की नकार, हे त्या संध्याकाळी ठरायचे होते.

हॉटेलचा मालक पूर्वी बोटीवर नोकरीला होता. स्पेनच्या कुठल्याशा बंदरात लोक दारूबरोबर छोट्या बश्यांतून चार-चार घास खातात आणि त्याला तापास म्हणतात, एवढेच ज्ञान घेऊन तो परतला होता. इथे त्याने दारू वगळली आणि चार घास तेवढे ठेवले. भिंतीवर बैलाचे चित्र, छताला जहाजाचा दोर, आणि टेबलावर भातुकलीत शोभावी अशी एक बशी. तिच्यात बटाट्याच्या आठ फोडी आणि वर लाल सॉस. आपल्याकडे अशा भाजीला बिघडलेली म्हणतात; तिथे तिला परदेशी नाव होते.

वडील हात मांडीवर ठेवून बसले. वाढपी जवळच उभा राहिला. पाच मिनिटे गेली.

"खात का नाय, साहेब?" त्याने विचारले.

"बाकीचे येऊ द्या," वडील म्हणाले.

"एक बशी सपली का दुसरी आनायची, असा मालकांचा हुकूम हाय."

वडील वाढून होण्याची वाट पाहत होते आणि वाढणारा खाऊन होण्याची.

मुलगा मोठ्याने हसला. "काका, ही काय लग्नाची पंगत आहे? करा सुरू! नाहीतर बसाल असेच सकाळपर्यंत."

"अरे, त्यांची सवय असेल तशी," त्याची आई हळूच म्हणाली.

"आई, तू गप. तुला काय कळतंय यातलं?"

मग त्यानेच फोडी संपवल्या आणि बशी वाढप्यापुढे सरकवली.

दुसऱ्या बशीत लसणीवर परतलेली कोळंबी होती, आणि तिच्या बाबतीत मला न्यायाने वागले पाहिजे. करावे गावच्या खाडीतली, ताजी. लसूण बदामी झालेली, पण करपलेली नव्हे. त्या बंदरात मालक निदान एक गोष्ट नीट शिकला होता. आठांपैकी पाच मुलाने स्वतःच्या बढतीविषयी बोलत खाल्ल्या. एक मी वडिलांच्या ताटलीत ठेवली, एक घेतली. शेवटची त्याच्या आईने काट्याने उचलली. तिने अजून काहीच खाल्ले नव्हते. तिने ती मुलाच्या ताटलीत ठेवली. त्याने न बघताच तोंडात टाकली.

मी तिच्या कोरड्या ताटलीकडे पाहत राहिले. त्या घरात माझे पान कुठे मांडले जाणार, ते मला कळले.

उरलेल्या बश्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. अंड्याची एक गार पोळी आली. काडीला टोचलेले, बी काढलेले एकेक हिरवे ऑलिव्हचे फळ आले. वडिलांनी ते खारवलेले बोर समजून खाल्ले आणि बराच वेळ तोंडात बी शोधत राहिले. मुलगा तेव्हाही हसला.

बसथांब्यावर वडिलांनी विचारले, "कशी वाटली मंडळी?"

"कोळंबी चांगली होती."

"आणि?"

"आणि काही नाही."

त्यांनी बस येते का ते वाकून पाहिले. मग म्हणाले, "बरं. उद्या पत्र टाकतो. घरी भात टाकशील ना? भूक लागली आहे."

घरी मी भात टाकला, वरण केले. त्यांना वाढून मी तुपाची वाटी आणायला आत गेले. परत आले तेव्हा ते मांडीवर हात ठेवून बसले होते. माझे पान अजून वाढायचे होते.