प्लग खिशात

आक्काचा बोकड लाल झाला होता.

मैदानाच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि तिला तो लांबूनच दिसला. आधी तिला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा असेल. मग डावं मागचं चाक जरा आत कललेलं दिसलं आणि ती झपाझप त्याच्याकडे निघाली.

बोकड म्हणजे तिचा ट्रॅक्टर. नांगरटीचा दांडगा नव्हे. बागेतलं गवत कापणारा, कमरेएवढा, एका सिलिंडरचा, दोरी ओढून चालू करायचा. दोरी ओढताना जरा हात चुकला की उलटा हिसडा देऊन मनगट मुरगाळायचा, म्हणून बोकड. त्याचा मूळ रंग कुठला, ते कंपनीलासुद्धा सांगता आलं नसतं. तेल, ऊन आणि गवताचा रस यांनी पन्नास वर्षांत मिळून जो केला तोच त्याचा रंग. आणि आज हे बघा! टोमॅटोसारखा लालबुंद, अंगावर नजर ठरत नव्हती.

आठ दिवसांपूर्वी भाऊ घेऊन गेला होता. "जरा धुऊन पुसून आणतो," म्हणाला होता.

भावाला ती बारक्या म्हणते. आता तो पन्नाशीचा झालाय, दारातून तिरका होऊन आत येतो, पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं. बागेतल्या जुन्या यंत्रांच्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे, त्याचा तो अध्यक्ष. मंडळातली माणसं मोठी विचित्र. बोल्टाचं डोकं सहाकोनी होतं की चौकोनी, यावर दुपार घालवतील. स्वतःच्या लग्नाची तारीख विसरतील, पण कुठलं यंत्र कुठल्या साली निघालं ते झोपेतसुद्धा सांगतील. आज त्यांचं वर्षाचं प्रदर्शन होतं.

"काय आक्का, ओळखला का?" बारक्या हात पसरून पुढे आला. "बोल की काहीतरी!"

आक्कानं बॉनेट उचललं.

बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर तिनं सव्वीस वर्षं खिळ्यानं ओरखडून लिहिलं होतं. पाण्याच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायच्या दुकानात ती सतराव्या वर्षी कामाला लागली, कारण बारक्याला शिकवायचं होतं. एकतीस वर्षं तांब्याची तार गुंडाळली. बोटांच्या पेरांना असे घट्टे पडले की गरम कढई ती फडक्याशिवाय उचलायची. त्या दुकानामागं दवाखान्याचा हा टाकाऊ ट्रॅक्टर पडला होता, इंजिन जाम, आत उंदरांचा संसार. मालक म्हणाला, "ने बाई, जागा अडलीय." तिनं ओढत नेला, खोलला, आणि पत्र्यावर पहिली ओळ लिहिली: 'उंदीर काढले.' तिथून पुढे दवाखान्याचं गवत तिच्याकडे, आणि प्रत्येक दुरुस्ती त्या पत्र्यावर. नवरा गेला त्या आठवड्यातली ओळ होती: 'झडपा घासल्या.' लोक म्हणाले, काय बाई आहे, दगड. तिला वाटलं होतं, रडताना हात रिकामे राहतात, ते बरं नाही.

आता पत्रा गुळगुळीत होता. ओरखड्यांत लांबी भरून, पॉलिश पेपर मारून, वर दोन हात लाल.

"कुणी केलं?"

"आपला रंगारी. गाड्यांचं काम करतो. खाचाखोचा सगळ्या बुजवल्या बघ त्यानं, हात फिरव, लोणी!"

"तुझ्या डोक्यातल्या नाही बुजवल्या."

दोघं-तिघं हसले. बारक्याही हसला, कारण त्याला अजून कळलं नव्हतं. आक्काचं लक्ष तोवर दुसरीकडे गेलं होतं. इंजिनाच्या पायाशी, बोल्टाच्या कडेला, काहीतरी चमकत होतं. तिनं नखानं टोकरलं, चिमटीत धरून चोळलं.

"बारक्या, जुना रंग कशानं काढला?"

"वाळूचा फवारा मारला. मशीननं. मग? नवा रंग धरायला नको?"

"इंजिन उतरवून?"

"उतरवायचं कशाला? कार्बुरेटरच्या तोंडात बोळा कोंबला होता. रंगारी काय खुळा आहे?"

"तो नाही," आक्का म्हणाली.

ती गुडघ्यावर बसली. दोरी गुंडाळायचं चाक तळव्यात धरून हळूच फिरवलं. अर्धाच फेरा. जे कानाला ऐकू येत नाही ते तिच्या पेरांना कळतं. आत बारीक खरखर होती, दाताखाली खडा यावा तशी. तिनं हात चटकन काढून घेतला. डगल्याच्या खिशातून पाना काढला, ठिणगी पाडणारा प्लग खोलला आणि खिशात टाकला.

"हा चालू करायचा नाही. धुराचं भोक उघडंच होतं, आत वाळू गेलीय."

बारक्याचं हसू गळालं. "आक्का, आता अकरा वाजता पाहुणे येतील. उद्घाटन म्हणजे बोकड चालू करणं. फीत नाही ठेवली आपण! पत्रिकेत छापलंय तसं."

"मग छापलेलं चालू कर."

"प्लग दे."

"नाही देत."

"रंगावरून रुसलीस ना? सरळ सांग. चार माणसांत भावाचं नाक कापायला हीच वेळ गाठलीस."

या बोलण्यानं तिला खरा संताप आला. रुसायला ती काय नवी नवरी होती? पण एका गोष्टीत तिचा हिशेब चुकला होता. त्या मैदानावर प्लग लपवणं म्हणजे नदीकाठी पाणी लपवणं. बारक्यानं मान वळवून नुसतं "प्लग आहे का रे कुणाकडे?" म्हटलं, तर पाच जणांचे हात खिशात गेले. एकानं तर दोन काढून विचारलं, "कुठला देऊ? हा जरा गरम चालतो."

बारक्यानं नवा प्लग बसवला. तेवढ्यात पाहुणे आले, बागकामाच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, भले गृहस्थ. टाळ्या झाल्या. बारक्यानं चाकावर दोरी गुंडाळली आणि टोक पाहुण्यांच्या हातात दिलं.

आक्कानं उजव्या हाताची चारही बोटं चाकाच्या आणि पत्र्याच्या फटीत घातली.

"ओढा."

मुख्याध्यापकांनी साप धरल्यासारखी दोरी सोडली.

"आक्का, हात काढ!" बारक्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. "लाज वाटत नाही?"

"मला? पन्नास वर्षांचं इंजिन वाळू घालून दळायला निघालायस तू, आणि लाज मला? मला विचारलंस? ट्रॅक्टर माझा, घाम माझा, आणि रंग लावताना मी कुठं होते, मेले होते?"

मंडळातला घड्याळवाला तेवढा पुढे आला. वाळलेला, कमी बोलणारा माणूस. म्हणाला, "भांडण नंतर करा. आक्का, वाळू आहे म्हणता, तर दाखवा."

"दाखवते. तो उपरा प्लग काढा आधी."

त्यानं काढला. आक्कानं एका लांब काडीला ग्रीस फासलं, प्लगच्या भोकातून आत घातली, पिस्टनच्या डोक्यावर टेकवली, गोल फिरवली आणि बाहेर काढली. घड्याळवाल्यानं खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. काडी उन्हात धरली. बराच वेळ बघितलं.

"साखर आहे का?" मुख्याध्यापकांनी हळूच विचारलं.

"एवढ्यातला एक कण माझ्या घड्याळात गेला," घड्याळवाला म्हणाला, "तर मी गिऱ्हाइकाला तोंड दाखवत नाही."

भिंग हातोहात फिरलं. ज्यानं त्यानं बघितलं आणि बारक्याकडे बघितलं. बारक्या गप्प बसता तर निभावलं असतं. पण अध्यक्षपण तोंडात असतं.

"आता एवढ्याशा वाळूनं काय होतंय?" तो म्हणाला. "दोन मिनिटं चालवायचा. धुरातून जाईल बाहेर!"

कुणीतरी शिवी दिल्यासारखं सगळं मैदान दचकलं. दोन प्लगवाल्यानं आपला प्लग उचलला, पुसला, खिशात घातला आणि पाठ फिरवली. हे लोक चोराला माफ करतील, पण असं बोलणाऱ्याला नाही. घड्याळवाल्यानं दोरी चाकावरून सोडवून आक्काच्या हातात दिली. पाहुण्यांना कुणाच्या तरी पाणी मारायच्या पंपाकडे नेलं, आणि उद्घाटन त्याच्यावर उरकलं.

"ढकल," आक्का म्हणाली.

"कुठं?"

"माझ्या घरी. हातानं. गिअरमध्ये टाकायचा नाही, इंजिन फिरता कामा नये."

भर बाजारातून अध्यक्षानं बोकड ढकलत नेला. पुढे स्टिअरिंग धरून ती. "काय अध्यक्ष, पेट्रोल संपलं?" चहाच्या टपरीवरून आवाज आला. उत्तर आक्कानंच दिलं. "पेट्रोल आहे. अक्कल संपली."

तीन रविवार सकाळी बारक्या येत राहिला. बोलावलं नव्हतं, पण न येण्याची छातीही नव्हती. आक्कानं इंजिन ओट्यावर खोललं होतं. तो रॉकेलच्या परातीत एकेक भाग धुवायचा, ती पांढऱ्या फडक्यानं पुसून फडकं बघायची.

"परत."

"तीनदा धुतलंय."

"मग चौथ्यांदा धू."

"आक्का, तुला बरं वाटावं म्हणून केलं गं. एवढं जुनाट दिसायचं ते."

"मी पण दिसते. मलाही लाल रंग लावतोस का?"

त्यानं मान खाली घालून चौथ्यांदा धुतलं.

सिलिंडर वाचला होता. दोरी ओढली नव्हती म्हणून वाचला. आतल्या भिंतीवर एकच केसासारखा ओरखडा होता, अर्ध्या फेऱ्याएवढा. आक्कानं त्याच्यावरून बोट फिरवलं. तो अर्धा फेरा कुणी फिरवला होता ते तिला ठाऊक होतं.

इंजिन जुळलं, तेव्हा तिनं बॉनेट उघडलं आणि खिळा घेतला.

"आक्का, नवा रंग आहे..." बारक्याच्या तोंडून निसटलं.

तिनं खिळा दाबून, लाल रंगाची सालपटं उडवत, उघड्या पत्र्यापर्यंत नेऊन लिहिलं: 'वाळू. बारक्यानं.' जरा थांबली. त्याखाली लिहिलं: 'एक ओरखडा. माझा.'

खिशातला प्लग काढला, फुंकर मारली, बसवला. दोरी गुंडाळली. बारक्यानं हात पुढे केला तो तिनं कोपरानं बाजूला सारला. पहिल्या ओढीला बोकडानं हिसडा दिला. दुसऱ्या ओढीला खोकला, निळा धूर सोडला आणि धडधडायला लागला. आक्का कान लावून उभी राहिली. मिनिटभर, दोन मिनिटं. मग सीटवर चढली.

"दवाखान्यामागं गुडघाभर गवत माजलंय," ती इंजिनाच्या वरताण ओरडली. "तुझ्या आठ दिवसांच्या रंगापायी महिना गेला. बघतोस काय? ती टोपली घे आणि मागनं ये."

अध्यक्षानं टोपली घेतली.