सायकलचं मीटर

माझ्या थोरल्या भावाचा मला अजूनही राग येतो. तो कशावरून, तर सायकलवर बसवायच्या एका डबीवरून, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. त्यांच्या बाबांच्या सायकलला कुणी डबी लावली नव्हती.

भाऊ पुण्याला नोकरीला. तिकडे गेल्यावर वर्षभरात त्याचं 'मले-तुले' सुटलं आणि दोन-चार वर्षांत पोटही सुटलं. ते आवरायला तो रविवारी तंग चड्डी आणि हेल्मेट घालून मित्रांबरोबर सायकल पिटाळायचा आणि फोनवर किती चालवली ते सांगायचा. इकडे पोंभुर्ण्याला मी आणि बाबा. आई आधीच गेली होती. मी गावातल्या शाळेत शिकवायची. बाबा लाकडाच्या सरकारी डेपोतून रिटायर झालेले, रोज सकाळी काळ्या सायकलवरून धानाच्या बांध्या पाहायला जायचे. शेत लहान, पण जाणं रोजचं.

एका पावसाळ्यात बाबा चिखलात घसरून पडले. मनगट सुजलं, हळद लावली, उतरलं. पण ही बातमी पुण्याला पोचली आणि भावाला हवं तेच मिळालं. सायकल विकायची आणि बाबांनी पुण्याला येऊन त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचं. बाबा नाही म्हणाले. खूप वादावादी झाली. शेवटी भावाने तोड काढली: सायकलला कॉम्प्युटर लावायचा, तो वेग सांगेल. आठवड्याची सरासरी तासाला दहा किलोमीटरच्या वर राहिली तर सायकल राहील. खाली गेली तर बाबा थकले असं समजायचं आणि सायकल जाईल. बाबांना पोराचं मन मोडवत नव्हतं, ते हो म्हणाले. माझं मत कुणी विचारलं नाही.

दिवाळीला येताना त्याने दोन नमुन्यांचे फोटो आणले, एक वायरचा आणि एक बिनवायरचा. बाबांनी वायरच्या फोटोवर बोट ठेवलं. "तार असली म्हणजे तुटली तर दिसते तरी," ते म्हणाले. भाऊ हसला. बिनवायरचा तर त्याने आधीच विकत घेऊन बॅगेत आणला होता. मग विचारलं कशाला, हे मी त्याच्या तोंडावर बोलले. तो म्हणाला, तू प्रत्येक गोष्टीत भांडण काढतेस.

त्याने पुढच्या चाकाच्या एका ताडीवर, म्हणजे स्पोकवर, लोहचुंबक बसवलं, चाक धरणाऱ्या चिमट्यावर प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी सेन्सर आवळला आणि हँडलवर ती डबी चढवली. चाक फिरलं की चुंबक सेन्सरसमोरून जातं आणि डबीला वेग कळतो. चाकाचं माप घालण्यात त्याने अख्खी दुपार घालवली. डबीला जागा हवी म्हणून बाबांची घंटी पार टोकाला सरकवली. बाबा शेजारी उभे राहून पाहत होते, स्वतःच्याच सायकलला हात लावायची परवानगी नसल्यासारखे.

डबीचे प्रताप लगेच दिसायला लागले. पिठाच्या चक्कीसमोर सायकल स्टँडवर लावली की आतल्या मोटारीने डबी बिथरायची आणि उभ्या सायकलचा वेग सत्तर दाखवायची. दळणाला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. भावाला फोनवर सांगितलं तर तोही हसला. म्हणाला, बिनवायरचं असं होतं कधीकधी, तो आकडा धरायचा नाही.

पण पहिल्याच रविवारी सरासरी सात निघाली. तो आकडा मात्र त्याने धरला. सत्तर दिसले तेव्हा यंत्र चुकलं आणि सात दिसले तेव्हा बाबा थकले.

बाबा थकले नव्हते. आमच्याकडे ओळखीचा माणूस पायी जाताना दिसला की सायकलवाला खाली उतरतो आणि त्याच्या सोबत चालतो. अंगावरून सायकल नेणं म्हणजे मस्ती आली असं समजतात. बाबांना रोज भेटायचे ते बसस्टँडवरचे टेलर. सगळं गाव त्यांना मास्टर म्हणायचं, आणि ते बाबांना भाऊ म्हणायचे. त्यांचा एक पाय गुडघ्यात वाकत नसे, त्यामुळे कॅरिअरवर बसणं जमत नसे. घरापासून दुकानापर्यंत ते काठी टेकत जायचे आणि बाबा सायकल हातात धरून त्यांच्या चालीने चालायचे. कित्येक वर्षांचा हा शिरस्ता. काय बोलायचे कोण जाणे, बहुतेक काहीच नाही. चाक मात्र फिरत राहायचं, आणि डबीला बसलेला माणूस आणि चालणारा माणूस यातला फरक कळत नव्हता.

हे मी भावाला फोनवर समजावून सांगितलं. तो हुशार आहे, त्याला लगेच समजलं. म्हणाला, "मग उतरू नका म्हणावं. पायीच जायचं तर सायकल हवी कशाला?" मी फोन आपटला. पुढच्या रविवारी आकडा वाढवून सांगते म्हटलं तर बाबांनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः खरा सांगितला. आठ. भाऊ म्हणाला, आणखी एक आठवडा देतो. देतो म्हणे.

सोमवारपासून बाबा उतरायचे बंद झाले. घंटी वाजवायचे, "राम राम मास्टर" म्हणायचे आणि पुढे निघून जायचे. लवकर परत यायचे आणि ओसरीवर बसून राहायचे. चहा दिला तर निवून जायचा.

चार दिवसांनी मास्टर संध्याकाळी दुकान बंद करून घरी आले. बाबा आत होते. मास्टर दारातूनच मला हळू आवाजात म्हणाले, "बाई, भाऊ माह्यावर नाराज आहे का? काई चुकलं असन तर सांग." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण चिडायचं कुणावर? मी त्यांना डबीची सगळी हकीकत सांगितली. ते ऐकत राहिले. "असं आहे का," म्हणाले आणि बाबांना न भेटताच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा मास्टर रस्त्यात भेटले, म्हणून त्यांच्या चालीने चालू लागले. मागून घंटी वाजली. मास्टर कडेला सरकले. पण त्या दिवशी बाबांना काय वाटलं कोण जाणे, आम्हांला गाठून ते खाली उतरले आणि सायकल हातात धरून चालू लागले. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मनात म्हटलं, मेला तो आकडा.

दहा पावलंही झाली नसतील, मास्टर थांबले. त्यांनी काठी बगलेत धरली आणि दुसऱ्या हाताने बाबांची सायकल हलकेच पुढे ढकलली.

"नको उतरत जाऊ भाऊ," ते म्हणाले. "बस सायकलवर. तुह्यं मीटर खाली येऊन राह्यलं."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाबांनी परतवला असता. सायकल वाचावी म्हणून तो माणूस मनापासून सांगत होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मग पेडलवर पाय ठेवला, बसले आणि निघून गेले. मास्टर आणि मी बसस्टँडपर्यंत चालत गेलो.

रविवारी बाबांनी फोनवर बारा सांगितले. भावाचा आवाज मला बाजूला उभं राहूनही ऐकू आला.

"वा बाबा," तो म्हणाला, "सुधारलात की नाही?"