पगारेसाहेबांवरचा संशय

पगारेसाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेठला एका बैलाला सलाईन लावत होतो. मनात पहिलं आलं ते हे, की हा माणूस खरा होता की नाटकी, हे आता कळायचं राहिलंच... त्या विचाराची लाज अजून वाटते.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते पर्यवेक्षक, मी त्यांच्या हाताखाली. काही वर्षांपूर्वी सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर कोंबड्यांत साथ आली. पाड्यावरचा एकूण एक पक्षी मारून चुन्याच्या खड्ड्यात पुरायचा, असा आदेश निघाला. साहेब बौद्ध, रोज विहारात जाणारे. त्यांनी मुकाट्याने संसर्ग टाळायचा पांढरा सूट चढवला, तेच मला खटकलं. वर म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांची घरं मी एकटा करतो. तुम्ही पुढं व्हा."

एकटा का? आत गेले की लवकर बाहेर येत नसत. येत तेव्हा हातातल्या पोत्याचं तोंड घट्ट बांधलेलं. एका दारामागून म्हातारीचा आवाज ऐकला, "सायेब, ही अंड्यांवर बसली हाय. हिला तरी सोड." मग बराच वेळ आतून नुसती कागदाची सळसळ.

यांनी ती सोडलीच, अशी माझी खात्री झाली. एक कोंबडी राहिली तरी साथ शेजारच्या पाड्यावर जाणार. मी टेकडीवर जाऊन रेंज शोधली आणि वरिष्ठांना फोन लावला.

खड्डा बुजवण्याआधी वरिष्ठांनी स्वतः येऊन साहेबांची पोती उघडायला लावली. प्रत्येक पक्षी जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला होता. आमच्या पोत्यांत नुसता कोंबलेला ढीग. शेवटच्या पोत्यात ती म्हातारीची कोंबडी निघाली, तिच्या अंड्यांसकट.

परतताना जीपमध्ये ते म्हणाले, "फोन तूच केलास ना?"

"हो, साहेब."

"बरं केलंस. त्या दारात माझाही माझ्यावर भरवसा नव्हता."

मला तेही नाटकच वाटलं. पुढे त्यांची बदली झाली, माझ्या मनातली अढी तशीच राहिली.

परवा नाशिकरोडच्या विहारात त्यांचं पुण्यानुमोदन, म्हणजे श्रद्धांजलीचा विधी होता. त्यांच्या पत्नी, मायाताई, शेजारी येऊन बसल्या.

"फोन करणारे तुम्हीच ना?"

मी मान हलवली.

"सुरगाण्याहून आल्यापासून हे पंचशीलातली चारच शीलं म्हणायचे. जीव घेणार नाही, हे पहिलं शील आलं की गप्प. भंतेजींनी एकदा विचारलं. तर म्हणाले, उद्या पुन्हा आदेश आला तर मी जाणार. मग इथं बसून खोटं कशाला बोलू?"

"तुम्हाला राग नाही आला माझा?"

"आला होता. त्यांना नाही आला."

समोर भंतेजींनी पंचशील सुरू केलं. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. पहिलं शील आलं, विहारभर आवाज उठला... माझे ओठ उघडले नाहीत. मीही त्याच खात्यात आहे.