तोंड बघायला आलेली माणसं

डोळ्याचं ऑपरेशन झालं की माणूस काळा चष्मा लावून उशीला टेकून बसतो, असं मला वाटायचं. माझं उलटंच झालं. मला जमिनीकडं बघत बसायला सांगितलं.

आळे गावच्या मैदानावर टेनिस बॉलची म्याच व्हती. मी ब्याट्समनच्या अगदी जवळ उभा, फिल्डिंग कमी आणि बडबड जास्त. मार्केटातला आडत्या कांद्याचा लिलाव पुकारतो तशा आवाजात मी त्या ब्याट्समनची बोली लावत व्हतो. गिऱ्हाईक काय मिळंना. त्यानी चिडून ब्याट फिरवली आणि बॉल सरळ माझ्या डाव्या डोळ्यावर.

आधी नुसतं सुजलं. मग दोन दिवसांनी कडेकडून एक काळी सावली आत सरकायला लागली. मंचरच्या डॉक्टरनी ब्याटरी मारून बघितलं आणि म्हणाले, घरी कपडे घ्यायला बी जाऊ नका, असंच पुण्याला पळा. पुण्यात गेल्या गेल्या टेबलावर घेतलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला व्हता. तो जाग्यावर बसवला आणि डोळ्यात ग्यासचा बुडबुडा भरला. पडदा असतो डोळ्याच्या मागच्या बाजूला आणि बुडबुडा कायम वर जाणार. म्हंजे मान खाली घातली तरच बुडबुडा पडद्याला दाबून धरणार. डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितलं की मान वर झाली आणि पडदा परत सुटला, तर दुसऱ्यांदा बसंल याची ग्यारंटी न्हाई.

हेच मी परतीच्या गाडीत डॉक्टरांच्या आवाजात म्हणून दाखवलं, मधल्या खोकल्यासकट. वडील हसले. आई न्हाई हसली.

महाळुंग्याला घरी आलो आणि उलटा संसार सुरू झाला. जेवताना मान खाली, झोपताना पालथा. दिवसभर पलंगाच्या काठावर बसायचो, कोपरं गुडघ्यावर आणि नजर फरशीवर. टीव्ही बघायला पायाशी आरसा ठेवला, त्यात सगळे हिरो डावखुरे.

पण खरी अडचण पावण्यांची. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला येणं म्हंजे त्याचं तोंड बघायला येणं. बिस्किटचा पुडा ठेवायचा, समोर बसायचं, तोंड निरखायचं आणि 'लई उतरलाय' म्हणायचं. तोंड न बघता गेलं तर भेट झालीच न्हाई. आणि माझं तोंड तर फरशीकडं. आई दारातच प्रत्येकाला समजावून आत सोडायची. तरी माणसं हळहळायची, इतक्या लांबून आलो आणि नुसतं टाळकं बघून जायचं का म्हणायची.

मला दिसायचे फक्त पाय. त्यावरून मी माणूस ओळखायचो आणि त्याचं स्वागत त्याच्याच आवाजात करायचो. उन्हाळ्यात पायमोजे घालणारा गावात एकच माणूस, किराणा दुकानाचे शेठ. त्यांच्यासारखं नाकातून 'या, बसा, घरचंच दुकान हाय' म्हणालो. शेठ म्हणाले, डॉक्टरनी डोळा केला ते ठीक, पण टाके तोंडाला घालायला पायजे व्हते.

एक दिवस संध्याकाळी आई धार काढायला गोठ्यात गेली आणि तेवढ्यात शिनोलीचे आबा आले. आबा म्हंजे वडलांचे मामा. त्यांना एवढंच कळलं व्हतं की पोराच्या डोळ्याला लागलंय. पाया पडण्याच्या बाबतीत आबा लई कडक. वाकणाऱ्यानी वाकूनच ऱ्हायचं, मोठ्यानी खांद्याला धरून उठवंपर्यंत. मी आजवर कधी धड वाकलो नव्हतो, वर प्रत्येक लग्नात त्यांच्या चालण्याची नक्कल करायचो. आबा दोन वर्षं माझ्याशी बोलले नव्हते.

दारातून त्यांना दिसलं काय, तर नातू वाकून बसलेला. ते समोर येऊन उभे ऱ्हायले. कातडी वहाणा, नखाला चिखल. मी तसाच. त्यांना वाटलं, पोरगं सुधारलं. डोक्यावर हात आला, तोंडभर आशीर्वाद दिला, आणि मग दोन्ही हात माझ्या खांद्याला.

"पुरं झालं बाळा. उठ आता. माझा राग कवाच गेला."

मी घाईघाईत सांगितलं, हात लावू नका, डॉक्टरनी मान वर करायची न्हाई म्हणून सांगितलंय. पण ते तोंडातून निघालं डॉक्टरांच्याच आवाजात. सवय, दुसरं काय. नक्कलच समजून आबा खुशीत हसले आणि हनुवटीखाली हात घातला. शेतकऱ्याचा हात तो. फरशी सरकली, उंबरा दिसला, धोतराचा काठ दिसला.

"आबा, सोडा. माझा डोळा जाईल."

हात थांबले.

"आता ह्यो कुणाचा आवाज काढतो?"

"माझाच हाय, आबा."

त्यांनी हनुवटी जशी वर आणली तशीच हळूच खाली नेली. मी सगळं सांगितलं, पडदा, बुडबुडा, सगळं. मग टोपी पलंगावर ठेवल्याचा आवाज आला. आबा हात टेकून खाली बसले आणि माझ्या पायाशी फरशीवर चक्क उताणे झोपले. पांढऱ्या मिशा बरोबर माझ्या नाकाखाली. त्यांनी आरामात माझं तोंड बघून घेतलं.

"लई उतरलाय," म्हणाले.

आई दुधाची चरवी घेऊन आत आली, तर आबा जमिनीवर पसरलेले. तिला वाटलं, यांनाच काय झालं. त्यांना उठवायला मग वडलांना बोलवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तपासणी व्हती. आबा आमच्याबरोबर पुण्याला आले. गाडीत मी आवाज काढायचा प्रयत्न केला, एकबी जमला न्हाई. डॉक्टरांनी लाईट मारून इकडं बघ, तिकडं बघ केलं. मग म्हणाले, पडदा जाग्यावर हाय. आबा बाहेर जाऊन नाक शिंकरून आले.

पुढं ग्यास विरला. आधी डोळ्यात बाटलीतल्या पाण्यासारखी एक रेघ हलायची, ती खाली खाली गेली आणि एक दिवस संपली. शेवटच्या तपासणीनंतर मी दवाखान्याच्या पायरीवर उभा ऱ्हायलो, चांगला डोळा हातानी झाकला आणि डाव्यानी आईकडं बघितलं. आई दिसली. साडीचा रंग दिसला. कपाळावरचं कुंकू जरा वाकडं दिसलं.

म्हणालो, "आई, कुंकू वाकडं लागलंय."

तिनी तिथंच पदरानी पुसून पिशवीतल्या डबीतलं परत लावलं, आरशाशिवाय. मी हात काढला, दोन्ही डोळ्यांनी बघितलं. मघाशी डाव्या डोळ्यालाच वाकडं दिसलं व्हतं, आत्ता खरं वाकडं झालं व्हतं.

म्हणालो, आता बरोबर हाय.