चाकं काढून आत या

काचमावशींकडून कपबशी विकत घेणं म्हणजे नोकरीची मुलाखत देण्यासारखं होतं.

"घरात लहान मूल आहे?" मावशी विचारायच्या.

"आहे ना, दोन वर्षांचं."

"मग हा सेट नको. तीन वर्षांनी या."

गिऱ्हाईक हसायचं. त्याला वाटायचं, बाई गंमत करतायत. मावशी गंमत करत नसत. मांजर आहे का, भांडी कोण घासतं, नळाखालचं बेसिन दगडी आहे की कसं, हे सगळं विचारून झाल्याशिवाय त्यांचा हात फडताळाकडे जात नसे. एकदा एका नवऱ्याने बायकोशी बोलता बोलता टेबलावर मूठ आपटली, तर मावशींनी बांधलेला सेट सोडून परत मांडून ठेवला होता.

दुकान तीन मजली. तळमजल्यावर दारातून आत आलं की डाव्या हाताला मावशींचा काचसामानाचा विभाग. मागच्या मोठ्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट ग्लासांवर यायचं आणि समोरच्या भिंतीवर रंगांचे ठिपके नाचायचे. दुकान उघडायच्या आधी मावशी एकेक कप हातात घेऊन नखाने टिचकी मारायच्या आणि कान लावायच्या. टण् वाजलं की जागेवर. थक् वाजलं की आत कुठेतरी तडा आहे, तो बाजूला. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एक नग फुटला नव्हता. घरी मात्र सगळं स्टीलचं, आणि तेही पोचे पडलेलं. "दुकानात जेवढं जपते, तेवढं घरी वसूल करते," असं त्यांचे यजमान येईल त्याला सांगत.

समोरच बुटांचा विभाग. तिथे मोजेमास्तर. गिऱ्हाइकापुढे एक गुडघा टेकून ते पायाचं माप असं काही घ्यायचे की माणसाला आपला पाय म्हणजे कोणी थोर व्यक्ती आहे असं वाटू लागे. मास्तर आणि मावशींचा चार वाजताचा चहा गेली कित्येक वर्षं एकत्र होता. चाकांचे बूट आले आणि तो चहा तुटला.

दिसायला साधेच बूट. टाचेत एक चाक बसवलेलं. पोरगं चार पावलं शहाण्यासारखं चालतं, मग अचानक टाचेवर भार देतं आणि सूंऽऽ करून निघून जातं. आता बूट घालून बघायचे तर मोकळी, गुळगुळीत फरशी हवी. ती कुठे होती? मावशींच्या दोन फडताळांच्या मधे.

"मास्तर, तुमची वरात आवरा," मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

"अहो, पोरंच ती. थोडं घसरतील, थोडं हसतील."

"आणि माझे ग्लास रडतील."

दोन दिवसांत सरबताचे तीन ग्लास आणि एक साखरदाणी गेली. मावशींनी मग आपल्या विभागाच्या तोंडाशी जाड पायपुसणी अंथरली. चाकं तिथे अडकतील, असा हिशोब. चाकं अडकली. पहिलं पोरगं पोटावर पडून सरळ शेजारच्या विभागातल्या उश्यांच्या ढिगात शिरलं, आणि उठून म्हणालं, "परत!" तासाभरात उश्यांपाशी रांग लागली. उश्यांवाल्या काकू मावशींना म्हणाल्या, "तुम्ही माझ्याकडे पाठवताय की काय ही?"

शेवटी मावशी मालकांच्या खोलीत गेल्या. मालक म्हणजे थोरल्या मालकांचे चिरंजीव. हे लहानपणी याच दुकानात काउंटरखाली झोपायचे, त्यामुळे मावशींना त्यांची फारशी भीती नव्हती.

"दारावर पाटी लावा. चाकांचे बूट घालून आत यायचं नाही."

"मावशी, पाटी लावली की पोरं दारातच भोकाड पसरणार. मग आया परत जाणार. या बुटांमुळे आपल्याकडे माणसं येतायत."

"येतायत, आणि माझा माल फोडतायत."

"त्याचाही विचार केलाय मी." मालकांनी घसा साफ केला. मावशींना ते लक्षण ठाऊक होतं. "काचसामान सोमवारपासून तळघरात नेऊ. निवांत जागा आहे."

तळघर! तिथे बादल्या, झाडू आणि फरशी पुसायची फडकी विकायला होती. वर एकच नळीचा दिवा, तोही लागू की नको करत बसायचा. तिकडे जिना उतरून जाणारं गिऱ्हाईक एक तर बादली फुटलेलं, नाही तर रस्ता चुकलेलं.

"काचेला उजेड लागतो, मालक," मावशी म्हणाल्या. "अंधारात काच आणि प्लास्टिक सारखंच दिसतं."

मालक थोडे विरघळले. "बरं, असं करू. आज मंगळवार. रविवारी दुकान बंद होईपर्यंत एकही नग फुटला नाही, तर तुम्ही वरच राहा. एक जरी फुटला, तर सोमवारी सामान खाली. आणि मग तक्रार नको."

"नको," म्हणून मावशी बाहेर आल्या.

बुधवारपासून मावशींनी जेवण उभ्याने केलं. दोन फडताळांच्या मधे हात पसरून त्या गोलरक्षकासारख्या उभ्या राहायच्या. चाकांचा आवाज कुठल्या दिशेने येतोय हे पाठमोऱ्या ओळखायच्या. शुक्रवारी रात्री झोपेत त्यांनी यजमानांचा दंड घट्ट पकडला आणि ओरडल्या, "टाच उचल!" यजमानांनी बिचाऱ्यांनी उचलली.

मास्तर अधूनमधून लांबून बघायचे, काहीतरी बोलायला म्हणून दोन पावलं पुढे यायचे. मावशी मान फिरवायच्या. त्या बुटांकडे तर त्यांनी एकदाही धड पाहिलं नव्हतं. शत्रूच्या घरात कोण डोकावतं?

शनिवार पार पडला. रविवारची संध्याकाळ आली. दुकान बंद व्हायला अर्धा तास उरला. एक वयस्कर जोडपं मावशींच्या सगळ्या प्रश्नांतून पास झालं होतं. मूल नाही, मांजर नाही, भांडी आजोबा स्वतः घासतात, तेही गुणगुणत. अशा घरासाठी मावशींनी वरच्या कप्प्यातला नक्षीचा मोठा जग काढला. सहा वर्षं त्यांनी तो कोणाला दिला नव्हता. जग दोन्ही हातांत धरून त्या वळल्या, आणि समोरून सात-आठ वर्षांची, दोन वेण्यांची मुलगी आली. उलटी. पाठ पुढे, तोंड मागे, आईला हात करत, सूंऽऽ.

तिच्या डोक्याच्या नेमकं मागे फडताळाचा काचेचा कोपरा होता.

मावशींनी विचार केला असता तर काय केलं असतं, कोण जाणे. विचार करायला वेळच नव्हता. हात उघडले. जग खाली गेला आणि मुलगी वर आली.

खळ्ळकन आवाज झाला आणि सगळा तळमजला तिकडे वळला.

"अहो, केवढ्या जोरात ओढलंत तिला! दंड लाल झाला बघा," मुलीची आई धावत आली. मग तिने तो कोपरा पाहिला, मुलीच्या डोक्याची उंची पाहिली आणि पुढचं वाक्य गिळलं.

मालक जिन्यावरून उतरले. "काय फुटलं? कोणी फोडलं?"

"चाकांनी," उश्यांवाल्या काकू तत्परतेने म्हणाल्या. "मी पाहिलं. पोरगी धडकली."

मावशींनी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. त्यांनी खाली पसरलेले तुकडे पाहिले.

"पोरीने हात लावला नाही," त्या म्हणाल्या. "मी सोडला हातातून. मीच फोडला."

"तुम्ही?" मालकांचा विश्वास बसेना.

"बावीस वर्षांचा माझा फोडण्याचा वाटा राहिला होता, तो आज एकदम दिला. उद्या सामान खाली नेते. पण मालक, पाटी मात्र लावा. इतके दिवस ग्लास फुटतील म्हणून मागत होते. मला अक्कल नव्हती. ग्लास नवीन येतो हो."

एवढं बोलून त्या कागद घेऊन कप गुंडाळायला लागल्या. कागद सारखा चुरगळत होता. वयस्कर आजोबा आपणहून तुकडे गोळा करू लागले, ते मात्र गुणगुणत नव्हते.

दोन वेण्यांची मुलगी मघापासून मावशींकडे बघत होती. ती फरशीवर बसली, खिशातून एक छोटी चावी काढली, टाचेत खुपसून पिळली. टक्. चाक बाहेर. दुसरं टक्. उठून तिने दोन्ही चाकं काउंटरवरच्या निळ्या फुलांच्या कपात टाकली.

"मी जाताना घेते," ती म्हणाली. "मग तुम्हाला खाली जायला नको ना?"

मावशींनी कपात पाहिलं. मुलीच्या बुटांकडे पाहिलं. साधे बूट. मग त्यांनी हळूहळू मान वळवली आणि पाच दिवसांत पहिल्यांदा मोजेमास्तरांकडे पाहिलं.

"मास्तर, चाकं निघतात?"

मास्तरांनी टक्कल खाजवलं. "निघतात की. प्रत्येक जोडाबरोबर चावी येते."

"आणि हे मला आत्ता कळतंय?"

"मंगळवारपासून सांगायला येतोय मी! तुम्ही मान फिरवताय!"

"मग मला सांगायचं! मी कुठे मान फिरवली होती?" मालक कडाडले. मग त्यांनी कप उचलून आतली चाकं हलवून पाहिली. "दाराशी ठेवता येईल हे," ते शेवटी म्हणाले. "आत येताना चाकं इथे, जाताना परत. रडायला कारणच नको. आणि तळघर... तळघर राहू दे."

सोमवारी मावशींचं टेबल दाराजवळ आलं, फडताळं होती तिथेच राहिली. टेबलावर चोवीस कप, एकाची नक्षी दुसऱ्यासारखी नाही. पोरं ओणवी होऊन टाचा वर करायची, मावशी चावी पिळायच्या आणि चाकं कपात टाकायच्या. "माझी पिवळ्या मासोळीच्या कपात!" "माझी सोनेरी काठाच्या!" कप लक्षात ठेवायला पोरांना कधी सांगावं लागलं नाही. आयांनाच कुठला ते आठवत नसे. चार वाजता मास्तर स्वतःचं स्टूल घेऊन टेबलाशी येऊन बसले. मावशींनी थर्मास उघडला.

गुरुवारी दोन वेण्या परत आल्या. चाकं जमा केली आणि सपाट टाचांनी टाप टाप करत ती काचसामानाच्या फडताळापाशी जाऊन उभी राहिली. उन्हात एक जांभळा पेला चमकत होता. तिचं बोट उठलं आणि आई दारातूनच ओरडली, "हात नाही लावायचा!"

मुलीने बोट मागे घेतलं आणि मावशींकडे पाहिलं.

मावशींनी पेला काढला, नखाने टिचकी मारली. टण्.

"दोन्ही हातांनी धर," त्या म्हणाल्या. "हं. आता खिडकीकडे तोंड कर आणि त्यातून बघ."

आईने डोळे घट्ट मिटून घेतले. मावशींनी नाही मिटले.